लिलावाआधी वही तपासा

प्रश्न : भाचा जिल्हा स्पर्धेत सामन्याला १०-१२ गुण आणतो. प्रो कबड्डी लीगच्या लिलावात निवड व्हायला एवढं पुरेल का? – एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : बेरजेला भुलू नका. त्यातले बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचे गुण) आधी वेगळे काढा. मैदानात ६ किंवा ७ बचावपटू असतानाच ते मिळतात. उरलेले स्पर्शाचे गुण किती? वहीत चढाया, रिकाम्या (कुणालाच गुण न मिळालेल्या), स्पर्श, पकडला गेला असे रकाने आखा. संघाच्या सलग २ रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई लाल शाईने लिहा. तिथे गुण न आल्यास चढाईपटू बादच होतो, म्हणून खरा कस तिथे लागतो. मातीत तयार झालेला पाय मॅटवर वळताना फसतो (गुडघे तिथेच जातात!), तेव्हा बूट घालून मॅटवर सराव हवा. चढाई ३० सेकंदांचीच, घड्याळ लावा.