वाचकांचे प्रश्न : कर्करोगाच्या नव्या उपचारांच्या बातम्या आणि आपला रुग्ण

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कर्करोगाच्या नव्या उपचारांविषयी आहेत. त्यांतली चार येथे घेतली आहेत. लेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असून तो यकृतापर्यंत पोहोचला आहे. मुंबईतच तयार झालेल्या ‘कार-टी’ उपचाराने कर्करोग समूळ जातो, असे एका नातेवाइकांनी पाठवलेल्या व्हिडिओत सांगितले आहे. खर्च चाळीस लाखांच्या घरात असल्याने राहती खोली विकण्याचे घरात चालले आहे. काय करावे?
(लालबाग, मुंबई)

उत्तर : खोली विकू नये. व्हिडिओतला उपचार खरा आहे, पण तो आपल्या दिरांच्या आजारासाठी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ती मान्यता रक्ताच्या ठरावीक कर्करोगांपुरती, म्हणजे बी पेशींचा (बी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) लिम्फोमा आणि बी पेशींचा ल्युकेमिया यांच्यापुरती आहे, आणि त्यातही नेहमीचे उपचार होऊनही आजार उलटला किंवा मुळात दबलाच नाही, अशाच रुग्णांसाठी आहे.

ही मर्यादा उपचाराच्या घडणीतच आहे. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेले रक्त त्याच बैठकीत परत शरीरात सोडले जाते. काढलेल्या पेशींपैकी टी पेशींमध्ये, म्हणजे रोगट पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने, एक नवे जनुक घातले जाते. त्यामुळे त्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी19 नावाचे प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रिसेप्टर (ग्राहक प्रथिन) तयार होतो. या पेशींची संख्या वाढवून त्या सलाइनप्रमाणे शिरेतून परत दिल्या, की सीडी19 असलेली जी पेशी सापडेल ती त्या मारतात. हे प्रथिन बी पेशींवर असते, आतड्याच्या गाठीवर नसते. या उपचारात निरोगी बी पेशीही मरतात, परंतु माणूस त्यांच्यावाचून काही काळ निभावू शकतो आणि म्हणूनच हा मार्ग खुला झाला. आतड्यासारख्या अवयवातल्या गाठींवर आढळणारी बरीचशी प्रथिने शरीराच्या निरोगी अवयवांवरही असतात, आणि तेथे असा सरसकट मारा परवडत नाही. अशा गाठींसाठीही कार-टीचे संशोधन जगभर चालू आहे, पण खोली विकून घ्यावा असा उपचार त्यातून अद्याप आतड्याच्या कर्करोगासाठी हाती आलेला नाही.

ज्यांना हा उपचार लागू आहे त्यांच्यासाठीही ‘समूळ जातो’ हे शब्द मला जपून वापरावेसे वाटतात. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये 2025 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे 73 टक्के रुग्णांनी नेक्सकार19 ला प्रतिसाद दिला. ज्यांच्यापुढे फारसे पर्याय उरले नव्हते अशा रुग्णांतला हा आकडा आहे, त्यामुळे तो मोठाच म्हणावा लागेल. तथापि प्रतिसाद म्हणजे आजार लक्षणीयरीत्या कमी होणे किंवा तपासणीत न दिसणे, आणि त्यानंतरही काहींचा आजार उलटतो. पेशी दिल्यावर तीव्र ताप येणे, रक्तदाब घसरणे, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होणे हे धोकेही असतात. खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत 4,75,000 डॉलर होती. त्या तुलनेत मुंबईतला उपचार कितीतरी स्वस्त आहे. पण महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे आहे, हे शेजारी ठेवून पाहिले की ‘स्वस्त’ कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

आता दिरांविषयी. त्यांच्या बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला रुग्णालयात सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो कोठे आहे हे आधी पाहावे आणि त्यावर एमएसआय किंवा एमएमआर ही, म्हणजे पेशीतली जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का हे पाहणारी, तपासणी झाली आहे का, असे डॉक्टरांना विचारावे. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात साधारण वीसांतल्या एखाद्याच रुग्णात ती ‘पॉझिटिव्ह’ निघते, परंतु ज्याची निघते त्याला इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणाऱ्या औषधांचा, फार चांगला उपयोग होऊ शकतो. त्याच ब्लॉकवर केआरएएस, एनआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांची तपासणी होते आणि केमोथेरपीसोबत कोणते औषध द्यायचे, हे तिच्यावरून ठरते. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतील का, हेही यकृताच्या शल्यविशारदांना दाखवून घ्यावे. व्हिडिओपेक्षा हे तीन प्रश्न अधिक कामाचे आहेत.

प्रश्न : वडिलांचा तोंडाचा कर्करोग उलटला आहे. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली, पण नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पैसे नाहीत म्हणून आमच्या पदरात अर्धवट उपचार टाकला जात आहे का?
(विक्रोळी, मुंबई)

उत्तर : आपला संशय स्वाभाविक आहे, पण येथे तो बरोबर नाही. निव्होलुमॅब हे औषध टी पेशींवरच्या पीडी-1 या रिसेप्टरला चिकटते आणि कर्करोगाने त्या पेशींवर घातलेला लगाम काढून घेते. ज्या शोधांवर हे उभे आहे त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅमच्या आसपास असते. मात्र औषध फार थोड्या मात्रेत दिले तरी बहुतेक रिसेप्टर व्यापले जातात, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसले होते. मग मोठी मात्रा कशाला, हा साधा प्रश्न परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चाचणीत उतरवला. डोके व मानेच्या कर्करोगाच्या, बऱ्या होण्याच्या पलीकडे गेलेल्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधे दिली गेली, तर उरलेल्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब देण्यात आले. वर्षभरानंतर पहिल्या गटातले 16.3 टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातले 43.4 टक्के.

या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही मात्रा सारख्याच आहेत असे तिच्यावरून म्हणता येत नाही. शिवाय दुसऱ्या गटातल्या निम्म्या रुग्णांना दहा महिन्यांच्या आसपासचेच आयुष्य मिळाले. वडिलांशी बोलताना हे लपवू नये. परंतु पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण इम्युनोथेरपीवाचूनच राहत, त्यांच्यासाठी हा पर्याय पुराव्यावर उभा आहे. व्यवहारातली एक गोष्ट लक्षात असू द्यावी : या औषधाची लहान बाटली 40 मिलिग्रॅमची येते, त्यामुळे दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावून ती वाटून दिल्यास खर्च निम्मा होतो. तशी सोय आपल्या रुग्णालयात आहे का, हे डे-केअरमधल्या सिस्टरांना विचारावे आणि ठरलेली तारीख चुकवू नये, कारण आपण न आल्यास दुसऱ्या रुग्णाचीही पंचाईत होते.

औषध कंपन्या असा प्रश्न सहसा विचारत नाहीत, कारण मात्रा कमी झाली की खपही कमी होतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनी संशोधन का करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

प्रश्न : आईला एका औषध-चाचणीत सहभागी व्हाल का, असे विचारले आहे. तिच्यावर प्रयोग तर होणार नाही ना?
(डोंबिवली)

उत्तर : प्रयोग होणार आहे, आणि तसे आपल्याला लेखी सांगितले गेले पाहिजे. नव्या औषधांविषयीच्या 2019 च्या नियमांप्रमाणे संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे लागते. मराठीतली प्रत मागा, ती घरी आणून सावकाश वाचा आणि त्याच दिवशी सही करण्याची घाई करू नका. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे, मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि बाहेर पडल्याने नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

चाचणीचा टप्पा कोणता, हे नक्की विचारा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध किती मात्रेपर्यंत सुरक्षित आहे हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात त्याची तुलना प्रचलित उपचाराशी होते आणि रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. कर्करोगाच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाला सहसा प्रचलित उपचार मिळतो, नुसती साखरेची गोळी नव्हे. चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत असणे 2009 पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर सही करू नये.

प्रश्न : कर्करोगावर लस आली आहे, हे खरे का?
(गिरगाव, मुंबई)

उत्तर : झालेला कर्करोग बरा करण्यासाठीच्या बहुतेक लसी अजून चाचण्यांतच आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्याची एचपीव्ही लस मात्र बरीच वर्षे उपलब्ध आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला 2022 मध्ये मान्यता मिळाली. ती 9 ते 14 या वयात दिलेली सर्वांत उपयोगी. मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी तपासणीला पर्याय नाही. मुंबईतल्याच वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या, म्हणजे व्हिनेगरच्या, तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तिशी ओलांडलेल्या घरातल्या स्त्रियांनी ही तपासणी जवळच्या पालिका रुग्णालयात किंवा दवाखान्यात कोणत्या दिवशी होते, याची चौकशी करावी.