जुन्या लॅपटॉपमधील बिटकॉइन: पत्ते हलवावेत की रक्कम?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून बेळगावात वडगावला राहतो आणि उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये नोकरी करतो. २०१६ साली पंधरवड्या-पंधरवड्याला थोडे थोडे करून एकूण १८ हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले होते. ते आज ०.४ बिटकॉइन इतके असून जुन्या लॅपटॉपवरील मल्टिबिट क्लासिक या प्रोग्रॅममध्ये नऊ पत्त्यांवर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षर-आकड्यांच्या ओळींवर, २३ वेळा जमा झालेले दिसतात. हे पत्ते मोबाइलमधील नव्या वॉलेट ॲपमध्ये इम्पोर्ट करावेत, की सगळे एक्स्चेंजवर पाठवून विकून टाकावेत आणि घराचे उरलेले ११ लाखांचे कर्ज फेडावे? मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे इंजिनिअरिंगचा खर्च येईल. मोबाइल दुरुस्ती करणारा ओळखीचा एक मुलगा हे काम करून देतो म्हणतो. घरात याविषयी कोणालाच माहिती नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तो मुलगा कितीही सज्जन असला तरी लॅपटॉप त्याच्या हाती देऊ नका आणि त्यातील कोणतीही फाइल त्याला पाठवू नका. बँकेत चुकीचा व्यवहार झाला तर शाखेत जाऊन तक्रार करता येते. येथे ज्याच्याकडे खासगी किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, त्याचीच रक्कम, आणि एकदा गेलेली रक्कम परत बोलावण्याची सोय कोणाकडेही नाही.

आता मूळ प्रश्न. बिटकॉइन लॅपटॉपमध्ये साठवलेले नसतात. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे याची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक वहीत असते आणि वॉलेट प्रोग्रॅम फक्त ती रक्कम खर्च करण्याचा अधिकार देणाऱ्या किल्ल्या सांभाळतो. म्हणून ‘पत्ता हलवणे’ याचा अर्थ त्या पत्त्याची किल्ली एका प्रोग्रॅममधून काढून दुसऱ्यात घालणे एवढाच होतो. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, परंतु तुमच्या परिस्थितीत मी त्याची शिफारस करणार नाही.

याचे पहिले कारण असे की मल्टिबिटची देखभाल जुलै २०१७ मध्येच थांबली, आणि तुमच्या किल्ल्या त्यानंतरची इतकी वर्षे एका जुन्या, इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर पडून आहेत. त्या कोणी पाहिल्या असतील असे मी म्हणत नाही. पण पाहिल्या नाहीत याची खात्री देण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि तीच किल्ली नव्या ॲपमध्ये घातली तर ती शंका तुमच्याबरोबर नव्या ॲपमध्येही येते. दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे. नवे ॲप सुरू करताना तुम्हाला १२ किंवा २४ शब्द देते आणि मोबाइल हरवला तर त्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे राहते, असे सांगते. ते खरे आहे, परंतु फक्त त्या शब्दांतून तयार झालेल्या किल्ल्यांपुरते. बाहेरून आणून घातलेली किल्ली त्या शब्दांत नसते. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाने शब्द अगदी जपून ठेवले होते, फोन बदलला, शब्द टाकले आणि शिल्लक शून्य दिसली, कारण त्यांची सगळी रक्कम इम्पोर्ट केलेल्या जुन्या पत्त्यावर होती. जुन्या किल्लीचा कागद सापडेपर्यंतचे ते दोन आठवडे त्या घराने कसे काढले हे मी पाहिले आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे की नवे वॉलेट स्वतंत्रपणे तयार करावे आणि जुन्या पत्त्यांवरील रक्कम नव्या पत्त्यावर रीतसर व्यवहाराने पाठवावी. याला वॉलेटच्या भाषेत ‘स्वीप’ म्हणतात. यासाठी नेटवर्क शुल्क द्यावे लागते, आणि इम्पोर्ट करणारे लोक बहुधा तेच वाचवू पाहतात, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराच्या आकारावर लागते. तुमच्याकडील प्रकारच्या जुन्या पत्त्यावर आलेली प्रत्येक जमा साधारण १४८ बाइट जागा घेते. २३ जमांचे मिळून सुमारे ३,४५० बाइट होतात. एका बाइटला ५ सातोशी असा शांत दिवसाचा दर धरला (१० कोटी सातोशी म्हणजे १ बिटकॉइन) तर शुल्क सुमारे ०.०००१७ बिटकॉइन होईल, आणि गर्दीच्या दिवशी दर १०० सातोशी असेल तर ते ०.००३४५ बिटकॉइन, म्हणजे तुमच्या रकमेच्या जवळजवळ ०.९ टक्के होईल. तुम्हाला घाई नाही, तेव्हा दर उतरल्याचे पाहून व्यवहार करा. २३ जमा एकत्र आल्यावर त्या एकाच माणसाच्या आहेत हे वही पाहणाऱ्याला कळते, हा या मार्गाचा एक तोटा आहे. परंतु पॅन देऊन, कर भरून विक्री करणार असलेल्या माणसाला त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

एवढ्या रकमेसाठी मोबाइल ॲपऐवजी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या स्वत:तच सांभाळणारे छोटे वेगळे यंत्र, घ्यावे, आणि तेही थेट निर्मात्याकडून, सीलबंद. त्यावर होणारा काही हजारांचा खर्च येथे योग्य आहे. मिळालेले शब्द कागदावर पेनाने लिहा, फोटो काढू नका. एक सूचना आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो : हे शब्द देवनागरीत उतरवू नका. ते २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात आणि मराठीची अशी यादी नाही. त्या यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राइट आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतील आणि दहा वर्षांनी कोणता खरा हे तुम्हाला सांगता येणार नाही. स्पेलिंग अक्षरश: लिहा, निदान पहिली चार अक्षरे तरी सुस्पष्ट असावीत, कारण यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो.

रक्कम पाठवण्याआधी एक काम अवश्य करा. नवे वॉलेट पूर्ण पुसून कागदावरील शब्दांवरून पुन्हा उभे करा आणि पत्ता तोच येतो का पाहा. मग मल्टिबिटच्या वॉलेट फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, वाय-फाय बंद करा आणि सर्व नऊ पत्त्यांच्या खासगी किल्ल्या प्रोग्रॅममधून बाहेर काढा. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ‘के’ किंवा ‘एल’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल, तीच किल्ली. इलेक्ट्रमसारख्या प्रोग्रॅममध्ये या किल्ल्या स्वीप करता येतात. मात्र तो प्रोग्रॅम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, कारण २०१८ च्या अखेरीस इलेक्ट्रमच्या खोट्या अपडेटमुळे अनेकांची रक्कम गेली होती. आधी सर्वांत कमी शिल्लक असलेला एकच पत्ता रिकामा करा, ती रक्कम नव्या वॉलेटमध्ये दिसू द्या, मग उरलेले आठ घ्या. पाठवताना नव्या पत्त्याचे सर्व अक्षर-आकडे हार्डवेअर वॉलेटच्या पडद्याशी ताडून पाहा, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. नवा पत्ता जुन्यासारखा एक या आकड्याने सुरू होणार नाही, त्याने घाबरून जाऊ नका.

जुन्या किल्ल्या मात्र त्यानंतरही फेकू नका. तुमची खरेदी १ ऑगस्ट २०१७ पूर्वीची आहे आणि त्या दिवशी बिटकॉइन कॅश हे चलन वेगळे झाले, त्यामुळे तितकीच संख्या त्याच किल्ल्यांवर त्या चलनातही असेल. बिटकॉइन सुरक्षित हलल्यानंतरच त्याकडे वळावे.

आता विक्रीविषयी. स्वत:च्या एका वॉलेटमधून स्वत:च्या दुसऱ्या वॉलेटमध्ये रक्कम नेणे ही विक्री नाही, कारण मालक बदलत नाही. तरीही व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. विक्रीवर मात्र नफ्याच्या ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. उदाहरणार्थ, १० लाखांची विक्री केली आणि त्या भागाची खरेदी ६ हजारांची असली तर ९,९४,००० रुपयांवर ३,१०,१२८ रुपये कर होईल. एक्स्चेंज १ टक्का टीडीएस कापेल, तो यातूनच वजा होईल. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च, अगदी नेटवर्क शुल्कही, वजा मिळत नाही. दर एकच असल्यामुळे विक्री दोन-तीन वर्षांत विभागून कर वाचेल, ही समजूत येथे चुकीची आहे.

म्हणून कर हा विकण्याचाही आणि न विकण्याचाही निकष धरू नका. तारीख ठरलेली गरज धरा. मुलीची फी ही अशी गरज आहे. दिवसात पाच-सात टक्के हलणाऱ्या वस्तूवर कॉलेजचा प्रवेश अवलंबून ठेवू नये, म्हणून कर वजा जाता पहिल्या दोन वर्षांचा खर्च निघेल एवढा भाग सीईटीच्या निकालापूर्वीच विका आणि मुदत ठेवीत ठेवा. कर्जाचा हप्ता पगारातून विनासायास जात असेल तर सगळे विकून ते फेडण्याची घाई मला दिसत नाही. परंतु नोकरी डळमळीत असेल तर माझे मत उलट आहे, मग निम्मे कर्ज लगेच फेडा. एफआययू, म्हणजे केंद्र सरकारचा वित्तीय गुप्तवार्ता विभाग, याच्याकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विका. अनोळखी माणसाला परस्पर विकून त्याच्याकडून आलेला पैसा फसवणुकीचा निघाला, तर दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून तुमचे पगाराचे खाते गोठू शकते.

राहता राहिले घर. या वॉलेटला वारसदार नोंदवण्याचा रकाना नसतो. लॅपटॉप उघडण्यापूर्वी पत्नीला समोर बसवून हे सर्व सांगा आणि नवे वॉलेट पुन्हा उभे करण्याची चाचणी त्यांच्या हातून करून घ्या. शब्दांचा एक कागद घरी आणि दुसरा सीलबंद पाकिटात चंदगड-गडहिंग्लजकडे विश्वासाचे नातलग असतील तर त्यांच्याकडे ठेवा. आपल्याकडील पावसाळ्यात कागद ओलावतो, तेव्हा दोन्ही लॅमिनेट न करता हवाबंद डब्यात ठेवा, कारण लॅमिनेशन करणाऱ्या दुकानदाराच्याही नजरेस ते शब्द पडता कामा नयेत. आणि २०१६ चे बँक पासबुक आजच शोधून ठेवा : त्या १८ हजारांच्या खरेदीचा तोच पुरावा आहे.