साथ आल्यावर आकडा सांगायचा की लपवायचा? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सर नमस्कार. शहराचं नाव लिहित नाही पण आमच्या भागात महिन्याभरापासून काविळीचे पेशंट निघतायत, आमच्या सोसायटीतच पाच जण झालेत, आणि शेजारच्या विंगमधली एक मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे, तिची सगळ्यांना काळजी लागलीये. पाण्याला वास येतो म्हणून तक्रार केली, मग रस्ता खणला, लाईन दुरुस्त केली, पण आत काय सापडलं ते कुणी सांगत नाही. पेशंट किती आहेत विचारलं तर म्हणाले आकडा सांगितला की लोक घाबरतात. व्हॉट्सॲपवर मात्र रोज नवा आकडा, कुणी चाळीस म्हणतं कुणी चारशे. दुरुस्तीनंतरही पेशंट वाढतायत म्हणून आता लोक टँकरवाल्याच्या अंगावर जातायत. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. लोकांना काय सांगू? आणि ही माहिती मागायचा आम्हाला हक्क आहे का?

उत्तर : ताई, आधी त्या मुलीचं बघा, बाकी सगळं नंतर. तिला काही त्रास नसला तरी तिच्या डॉक्टरांना आजच कळवा की सोसायटीत काविळीची साथ आहे. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए नाहीतर ई असते, आणि ई असेल तर शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं. बाकीचे बहुतेक महिनाभर अंथरूण धरून बरे होतात, तिचं तसं नाही. तिला फक्त उकळून गार केलेलं पाणी द्या, दात घासायलाही तेच. आणि मळमळ, ताप, लघवी गडद पिवळी असं काहीही वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलू नका. मला राग याचाच येतो की ही दोन वाक्यं तुमच्या प्रत्येक घरी महिन्याभरापूर्वी पोचायला हवी होती. घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितली असती तरी चाललं असतं.

आता टँकरवाल्याचं. काविळीचा जंतू पोटात गेल्यावर लगेच आजार दिसत नाही, साधारण दोन ते आठ आठवडे जातात. म्हणजे आज जो पिवळा पडलाय तो महिन्यापूर्वीच्या पाण्याने. लाईन दुरुस्त झाली तरी पुढचा महिना दीड महिना पेशंट निघत राहणार, आणि त्याचा अर्थ दुरुस्ती फसली असाही नाही आणि टँकरमध्ये घाण आहे असाही नाही. हे ज्या दिवशी खड्डा बुजवला त्याच दिवशी सांगून टाकायचं असतं, की बाबांनो अजून पेशंट दिसतील, घाबरू नका, पण सहा-आठ आठवड्यांनंतरही नवे निघत राहिले तर कुठेतरी अजून गळतंय असं समजा. एवढं सांगितलं असतं तर कुणी टँकरवाल्याला दम दिला नसता.

लोक घाबरतात म्हणून आकडा द्यायचा नाही हे मी फार वर्षं ऐकतोय आणि मला ते पटत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा बघा काय झालं. नक्की काय आजार आहे, किती आहे, काय करायचं हे धड कळायच्या आधी पाण्यात विष कालवलंय अशा अफवा पसरल्या, टेट्रासायक्लीन हे प्लेगवरचं औषध दुकानांतून गायब झालं आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. मृत्यू पन्नासेक होते, पण घाबरलं सगळं शहर. भीती आकड्याने येते असं नाही, कुणीतरी काहीतरी लपवतंय असं वाटलं की ती येते.

याउलट पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे, पेशंट दिसायला लागले ते आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी ही नावं उघड सांगितली गेली, आरोग्य विभागाकडून रोज आकडा यायचा आणि तो नुसता एकूण नव्हता, संशयित किती, खात्री झालेले किती, महापालिका हद्दीत किती, नव्याने घेतलेल्या गावांत किती, पिंपरी-चिंचवडमध्ये किती, व्हेंटिलेटरवर किती असा फोडून. माणसाकडून माणसाला लागत नाही, पाणी उकळा, चिकन अर्धकच्चं खाऊ नका, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा वाटला की लगेच डॉक्टर गाठा, हे वारंवार सांगितलं. सगळं छान झालं असं मी म्हणत नाही. त्यातली नांदेड-किरकटवाडीसारखी गावं २०२१ ला महापालिकेत आली, पण खडकवासला धरणाचं पाणी गाळल्याशिवाय नुसतं क्लोरीन टाकून त्यांना मिळत होतं, आणि हे बऱ्याच लोकांना साथ आल्यावरच कळलं. रोजचा आकडा देणं ठीक, पण आपल्या नळाला येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं की थेट विहिरीतून, हे तर साथ नसतानाही कळायला हवं ना.

आणि आकडा भागवार हवा. शहरात एकूण ८० पेशंट असं म्हटलं की मला काय समजलं? माझ्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीवर किती, हे कळलं तर मी पाणी उकळीन. मुंबईत २०२० च्या जूनमध्ये कोविडचे बेड एकाच ठिकाणाहून वाटायचे ते बंद करून २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या, प्रत्येकीचा वेगळा नंबर. पलीकडून बोलणारा आपल्याच वॉर्डातला, त्याला आपली गल्ली माहीत, या एका गोष्टीने किती फरक पडतो हे ज्यांनी त्या वेळी फोन लावलेत त्यांना विचारा.

तुमच्या हक्काचं विचारलंत. हो, आहे. आकडे नसतात असं होत नाही, दवाखाने आणि लॅबकडून साथीच्या आजारांची नोंद आरोग्य खात्याकडे जातच असते. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्यात कलम ४ प्रमाणे बरीच माहिती कुणी न मागताच जाहीर करायची असते, आणि कलम ७ मध्ये लिहिलंय की माहिती कुणाच्या जिवाशी संबंधित असेल तर ४८ तासांत द्यायची. तीस दिवस थांबायची गरज नाही. अर्जात तेच नीट लिहा, की सोसायटीत पाच रुग्ण आणि एक गरोदर महिला आहे, म्हणून ४८ तासांत उत्तर हवं. काय मागायचं तेही मोजकं ठेवा: आमच्या टाकीवरच्या भागात आजपर्यंत किती रुग्ण, पाण्याचे नमुने कुठल्या तारखेला कुठून घेतले आणि रिपोर्ट काय, गळती कुठे सापडली. खाली तुमची आणि आणखी दहा-बारा घरांची सही.

तोवर स्वतःही बघा. पाणी सोडायला येणाऱ्या माणसाकडे किंवा आरोग्यसेविकेकडे ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची, छोटी बाटली असते. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं, बाजूच्या रंगाशी जुळवून बघायचं, लीटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. रंग अजिबात आला नाही तर पाणी तसंच पिऊ नका. ही टेस्ट शेवटच्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला करा, टाकीजवळ नको, टाकीजवळ सगळीकडेच पिवळं येतं. तारीख, वेळ, विंग, रंग आला की नाही, असं वहीत लिहून रोज ग्रुपवर टाका. चाळीस की चारशे ही चर्चा आपोआप थंडावेल.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना कावीळ झालीये त्यांची नावं बोर्डावर लावावी असं कमिटीत ठरतंय. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, कृपा करून लावू नका. कोविडमध्ये घरांवर पोस्टर लावल्याने लोकांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकलं, डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय ती लावायची नाहीत. त्याही आधी, १८९७ ला पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरात घुसून तपासणी करायला लागले तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, आणि लपवलेला पेशंट हाच सगळ्यात धोक्याचा. काविळीत तर नावाचा उपयोगच नाही, कारण दोष पाण्याचा आहे. बोर्डावर फक्त लिहा, आपल्या बिल्डिंगमध्ये इतके रुग्ण, पाणी उकळून प्या, संडासहून आल्यावर साबणाने हात धुवा, आणि कुणाला डबा हवा असेल तर कमिटीला सांगा.