पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये एकच दिवस आहे; नदीकाठ, बाग आणि जुन्या वास्तू कशा बसवाव्यात?

सकाळी आधी रात्सवावित्से पॅनोरामाचं तिकीट काढा. 15 मीटर उंच, 114 मीटर लांब असं हे गोलाकार युद्धचित्र. प्रवेश ठरलेल्या वेळेलाच मिळतो आणि दुपारच्या वेळा लवकर भरतात. आयत्या वेळी गेलात तर दोन-तीन तास वाया जातात.

तिथून ट्रामने शताब्दी सभागृह. 1913 सालचा हा काँक्रीटचा घुमट आतून 65 मीटर रुंद आहे, युनेस्कोच्या यादीतही आहे. शेजारीच श्चित्नित्स्की उद्यान. त्यातली जपानी बाग एप्रिल ते ऑक्टोबरच उघडी असते, हिवाळ्यात तिच्यासाठी जाऊ नका. ट्राममधल्या यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट निघतं, पण कागद हातात येत नाही. तपासनीस आला तर तेच कार्ड दाखवायचं, म्हणून माणसागणिक वेगळं कार्ड ठेवलेलं सोयीचं.

संध्याकाळ मात्र ओद्रा नदीकाठच्या ओस्त्रुफ तुम्स्की या शहराच्या सर्वांत जुन्या भागासाठीच राखा, घाई करू नका. इथे अजून गॅसचे दिवे आहेत. अंधार पडू लागला की काळा झगा आणि उंच टोपी घातलेला माणूस लांब काठीने एकेक दिवा पेटवत जातो. उन्हाळ्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताची वेळ बघूनच पोचा. मुख्य चौक तिथून पायी वीसेक मिनिटं, जेवण तिकडे.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, पाणी-खाऊ शनिवारीच घ्या.