स्क्रीन नसलेल्या वायफाय प्रिंटरचा आयपी पत्ता कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वायफाय प्रिंटरला स्क्रीन नाही, नुसती बटणं आणि दिवे आहेत. जुन्या लॅपटॉपवर तो आता 'ऑफलाइन' दिसतो आणि नव्या लॅपटॉपवर जोडायला घेतला की आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा प्रिंटरचा नंबर, मागतो. तो पत्ता कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न.

तो प्रिंटरलाच विचारा. स्क्रीन नसली तरी त्याला छापता येतं, आणि जवळपास प्रत्येक वायफाय प्रिंटर स्वतःच्या नेटवर्कची माहिती एका पानावर छापून देतो. बऱ्याच मॉडेलवर त्यासाठी 'आय' अक्षराचं बटण असतं, काहींवर वायफायचं बटण दाबून धरावं लागतं. मात्र अंदाजाने बटणं दाबू नका. काही मॉडेलवर दोन बटणं एकत्र धरली की वायफायची सगळी सेटिंग पुसली जातात. मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो घेऊन कंपनीच्या मॅन्युअलमध्ये 'नेटवर्क कॉन्फिगरेशन पेज' कसं छापायचं ते आधी बघून घ्या.

पान हातात आलं की त्यावर 'आयपीव्ही४ ॲड्रेस' शोधा. टिंबांनी जोडलेले चार आकडे, घरात बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारे. त्याच पानावर आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता असेल, तो सोडून द्या. 'वायफाय डायरेक्ट' या मथळ्याखाली आणखी एक पत्ता असू शकतो, तोही तुमच्या कामाचा नाही. फोन थेट प्रिंटरला जोडतात तेव्हाचा तो. आकडा ०.०.०.० असेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी लॅपटॉपवर काहीही करून उपयोग नाही, आधी प्रिंटर वायफायला नीट जोडावा लागेल. बरेच प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात हे तेव्हा लक्षात असू द्या. आणि प्रिंटर राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, गेला असेल, तर त्याला पत्ता मिळूनही लॅपटॉपला तो बहुधा दिसणार नाही.

पान छापण्यावर मी एवढा भर का देतोय, ते सांगतो. माझा प्रिंटर असाच ऑफलाइन झाला तेव्हा मी विंडोज लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधला 'पोर्ट्स' टॅब उघडला. लॅपटॉप प्रिंटरला कोणत्या पत्त्यावर शोधतो ते तिथे असतं. तिथे १९२.१६८.१.७ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, मी ते खरं धरलं. ड्रायव्हर काढला, परत टाकला, राउटर बंद करून चालू केला, यात दोन संध्याकाळी गेल्या. मग पान छापलं, तर त्यावर १९२.१६८.१.१४. प्रिंटर काही दिवस बंद होता, तेवढ्यात राउटरने ७ नंबर घरातल्या टॅबलेटला देऊन टाकला होता. पोर्टमध्ये दिसतो तो पत्ता प्रिंटर बसवताना नोंदवलेला असतो, आजही तोच असेल असं नाही. तुमच्या जुन्या लॅपटॉपचंही मला हेच वाटतंय.

काही लॅपटॉपवर पोर्टच्या जागी पत्ता दिसतच नाही, 'डब्ल्यूएसडी' (नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप शोधायची विंडोजची पद्धत) आणि पुढे अक्षरांची रांग दिसते. तेव्हा तिथेच 'वेब सर्व्हिसेस' नावाचा टॅब असेल तर तो बघा.

शाई किंवा कागद नसल्यामुळे पान छापता येत नसेल, तर राउटरकडे जा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, आकडे इंग्रजीतच टाइप करा. नक्की पत्ता आणि पासवर्ड सहसा राउटरच्या स्टिकरवर सापडतो. आत 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' अशी, राउटरने पत्ते दिलेल्या उपकरणांची यादी मिळेल. काही प्रिंटर तिथे लगेच ओळखू येतात. वायफायवरच्या ब्रदर प्रिंटरचं नाव सहसा बीआरडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतं, एप्सनच्या नावात एप्सनच असतं. नाव कळत नसेल तर मॅक ॲड्रेस जुळवा, म्हणजे दोन-दोन अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या. पुष्कळ प्रिंटरच्या स्टिकरवर तो छापलेला असतो.

पत्ता मिळाला की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकून बघा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाईची पातळी वगैरे दिसली, तर पत्ता बरोबर आहे. आता नव्या लॅपटॉपवर तोच द्या. जुन्यावरून प्रिंटर काढून टाकायची गरज नाही. 'पोर्ट्स' टॅबमध्ये आयपी पत्त्याचा पोर्ट असेल तर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि जुन्या आकड्याच्या जागी नवा भरा. एवढं करूनही ऑफलाइनच दिसला, पण ब्राउझरमध्ये पान उघडतंय, तर त्याच खिडकीतली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारायची सोय) ची खूण काढून बघा. प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसायचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आता कृपा करून इथे थांबू नका, नाहीतर काही दिवसांनी हाच शोध परत घ्यावा लागेल. राउटर पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो, मुदत संपली आणि प्रिंटर बंद असला की तो आकडा दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो. म्हणून राउटरमध्येच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, काही राउटरवर त्याला 'स्टॅटिक लीज' म्हणतात. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस निवडा, आत्ताचाच आकडा त्याच्या नावावर करा, सेव्ह करा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने पत्ता पक्का करायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. मी तो देत नाही, कारण राउटरला ते माहीतच नसतं आणि तोच आकडा तो दुसऱ्या उपकरणाला देऊन बसू शकतो. मग दोघांचंही कनेक्शन अधूनमधून तुटतं आणि कारण काही केल्या सापडत नाही.

पान छापून झालं की त्यावरच्या आयपी पत्त्यातले पहिले दोन आकडे आणि प्रिंटरचं मॉडेल खाली लिहा. बटणांचं कुठे अडलं तर तेही सांगा, त्या मॉडेलचं मॅन्युअल बघून सांगतो.