रेझिस्टन्स तिसऱ्यांदा बदलण्याआधी मोटर हाताने फिरवून बघा

तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय ते असं: तुमची 2006 ची वॅगनआर. ब्लोअर, म्हणजे आत वारा फेकणारा पंखा, पहिल्या तीन खटक्यांवर बंद, चौथ्यावर चालतो, पण तोही मध्येच थांबतो आणि डॅशबोर्डखाली बुक्की मारली की पुन्हा सुरू होतो. सकाळी पहिली पाच मिनिटं किरकिर. वर्षभरात रेझिस्टन्स (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) दोनदा बदलून झालाय आणि आता गॅरेजवाले अख्खी असेंब्ली बदलायला सांगताहेत. एवढ्या खुणा वाचून मी तरी असेंब्ली घेणार नाही. मोटर काढून उघडा. बहुतेक कार्बन (फिरत्या भागावर घासून त्याला करंट देणारे तुकडे) संपलेत आणि बुश (ज्यात मोटरचा शाफ्ट फिरतो त्या कड्या) कोरडे पडलेत.

रेझिस्टन्स पुन्हा पुन्हा का जळतो, ते आधी बघू. चौथ्या खटक्याला मोटरला बॅटरीचे पूर्ण 12 व्होल्ट थेट मिळतात. खालच्या तीन खटक्यांना करंट आधी रेझिस्टन्सच्या तारांच्या वेटोळ्यांतून जातो. ती वेटोळी तापतात, म्हणून ती मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेली असतात. आता मोटरचा बुश कोरडा पडला की मोटर जड फिरते, आणि जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. म्हणजे वेटोळं जास्त तापतं, आणि त्याच वेळी त्याला गार करणारा वाराही कमी झालेला असतो. मग त्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की तुटणारा फ्यूज, उडतो आणि पहिले तीन खटके जातात. नवा रेझिस्टन्स टाकला तरी काही महिन्यांनी तेच. माझ्या जुन्या झेनला मी असे तीन रेझिस्टन्स घातले आणि चौथ्याच्या वेळी मोटर उघडली. एक कार्बन तुरीच्या दाण्याएवढा उरला होता आणि आतून मूठभर काळी भुकटी निघाली. त्यानंतर गाडी विकेपर्यंत तो रेझिस्टन्स बदलावा लागला नाही.

काम डावीकडच्या सीटसमोर आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ग्लोव्ह बॉक्स उतरवा, सीट पूर्ण मागे घ्या आणि टॉर्च घेऊन उताणे झोपा. मोटर खालून स्क्रूंनी धरलेली असते. कपलर, म्हणजे तारांचा प्लग, काढताना नीट बघा. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा पीन सैल बसत असेल, तर तिथेही करंट अडतोय. असा कपलर दाबून घट्ट करून उपयोग नाही, तो तारेच्या तुकड्यासकट बदला. कुठल्या पीनला कुठल्या रंगाची तार होती याचा फोटो आत्ताच काढून ठेवा, कारण शेवटी त्याची गरज पडते.

मोटर हातात आली की पंखा बोटाने फिरवा. चांगली मोटर सोडल्यावर स्वतःच थोडी फिरत राहते. बोट काढताच जागीच थांबत असेल तर निदान झालं. जाळीच्या पंख्यात वाळकी पानं, कधी उंदराने आणलेला कापूस असतो, तो काढा. पात्यांवर लहान लोखंडी चिमटे दिसले तर त्यांना हात लावू नका. ते पंख्याचा तोल साधायला कारखान्यात लावलेले असतात, निघाले तर गाडीभर थरथर जाणवते.

मोटरच्या डब्याचे कान स्क्रूड्रायव्हरने हळू उघडा. आर्मेचर, म्हणजे आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर घेताना शाफ्टवरच्या पातळ वॉशरचा क्रम लक्षात ठेवा. हे वॉशर हरवले की मोटर कायम खडखडते. कार्बनमागची स्प्रिंग अजून दाब देतेय का, कार्बन त्याच्या घरात सहज सरकतोय का, हे बघा. तंतोतंत त्याच मापाचे कार्बन मिळाले नाहीत तरी अडत नाही. थोडे मोठे घ्या आणि सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून मापात आणा. पुण्यात नाना पेठेत जुना नमुना दाखवला की जवळचं माप काढून देतात. जोडी स्वस्तात मिळते. कार्बनची वेणीसारखी तार होल्डरला डाग (सोल्डर) देताना भरपूर तापणारी सोल्डरिंग आयर्न वापरा, आणि शिसं वेणीत वर चढू देऊ नका. वेणी कडक झाली की कार्बन पुढे सरकत नाही आणि आठवड्यात पुन्हा बुक्क्या माराव्या लागतात.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवर कार्बन जिथे घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, बारीक पॉलिश पेपरने तांबं उजळेपर्यंत पुसा. पट्ट्यांमधल्या खाचा सुईने एकेक करून मोकळ्या करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. खाचांत कार्बनची भुकटी भरली की पट्ट्या आपसात जोडल्या जातात. बुशला शाफ्ट पुसून मशीन ऑइलचे दोनच थेंब, आणि बुशभोवती फेल्टची चकती असेल तर ती तेलात भिजवा. गंज सोडवणारा स्प्रे इथे मारू नका. तो तेल धुऊन काढतो आणि उडून जातो. कम्युटेटरला तेल लागता कामा नये.

शाफ्ट बुशमध्ये डगडगत असेल, कम्युटेटरला खोल चर पडला असेल किंवा आर्मेचरला जळका वास येत असेल, तर मात्र मेहनत वाया घालवू नका. जुन्या बाजारातून किंवा कुर्ल्यातून वापरलेली मोटर आणा. पण तीही हाताने फिरवून, आणि बॅटरीवर चालवून बघूनच.

जोडताना तो फोटो बघा. तारा उलट लागल्या तरी मोटर फिरते आणि वाराही पुढेच येतो, फक्त अगदी दुबळा. अनेकजण इथे फसतात आणि चांगली मोटर फेकून देतात. करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवायचा) वापरा. साध्या मल्टीमीटरची करंटची मर्यादा बहुधा 10 अँपिअर असते आणि ब्लोअर पूर्ण वेगाला ती ओलांडू शकतो.

आता रेझिस्टन्स. वेटोळी शाबूत आणि फक्त थर्मल फ्यूज उडालेला असेल तर तेवढाच बदला. त्यावर छापलेल्या तापमानाचाच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. त्याला डाग देऊ नका, डागाच्या उष्णतेनेच तो उडतो, धातूच्या नळीने दाबून जोडा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी त्या जागी नुसती तार जोडू नका. ती तार उडत नाही, वेटोळं लाल होतं आणि भोवती सगळं प्लॅस्टिक आहे.

सवड काढून हे पावसाळ्याआधी करा. जुलैत माळशेज उतरताना ब्लोअर बंद पडला आणि काच आतून पांढरी झाली, तो अनुभव मी घेतलाय. मुलं मागे बसली होती आणि मी एका हाताने फडकं मारत गाडी चालवत होतो.

गाडी झाडाखाली लावत असाल तर वायपरखालची जाळी आजच साफ करा. तुमच्या ब्लोअरमध्ये पडणारी पानं तिथूनच येतात. मोटर उघडल्यावर कार्बनचा आणि कम्युटेटरचा फोटो टाका, दुरुस्त होण्यासारखी आहे का ते बघून सांगतो.