स्टुडिओतलं स्वच्छ रेकॉर्डिंग असताना लोक जुने लाइव्ह रॉक अल्बम अजून का ऐकतात?

तुम्ही विचारलंय की गाण्याचं नीटनेटकं स्टुडिओ व्हर्जन हाताशी असताना पन्नास वर्षांपूर्वीचे लाइव्ह अल्बम, ज्यात लोकांचा आरडाओरडा आहे आणि चार मिनिटांचं गाणं वीस मिनिटं ताणलंय, ते लोक का ऐकतात, नुसता नॉस्टॅल्जिया आहे का. आता नॉस्टॅल्जिया म्हणावं तर माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, मी कसली आठवण काढणार! मी एकाच अल्बमबद्दल बोलतो कारण तो मला जवळजवळ पाठ आहे, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान'. बाकीचे येतील मधेमधे.

गंमत म्हणजे बँडला हा अल्बम करण्यात फारसा रसच नव्हता. 1972 च्या ऑगस्टमध्ये ते जपानला पहिल्यांदाच जाणार होते, तिथल्या रेकॉर्ड कंपनीने म्हटलं की शो रेकॉर्ड करून फक्त जपानपुरता एक अल्बम काढू, आणि हे लोक ठीक आहे म्हणाले पण इंजिनियर आमचा पाहिजे. तो होता मार्टिन बर्च. ओसाकाला 15 आणि 16 ऑगस्ट, मग 17 ला टोकियोचं बुडोकान (1964 च्या ऑलिंपिकमध्ये ज्यूदोसाठी बांधलेला हॉल, म्हणजे गाण्याबजावण्यासाठी कुणी तो बांधलेलाच नव्हता), तीन रात्री, आठ ट्रॅकचं मशीन, बस. मिक्सिंगला पाचातले दोघेच आले, बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस. कव्हरवरचा फोटो तर जपानचा नाहीच, लंडनच्या रेनबो थिएटरमधला आहे. इतक्या थंड उत्साहात केलेली गोष्ट त्यांच्या सगळ्या कामात वर जाऊन बसली, मी तरी त्यांच्या 'मशीन हेड' या गाजलेल्या स्टुडिओ अल्बमच्याही वर ठेवतो, भांडायला या.

आता मुद्द्याचं. स्टुडिओत माणूस गाणं पूर्ण करतो. चुकलं की परत, आवडलं नाही की परत, गिटार आज आणि आवाज परवा. शेवटी जे मिळतं ते सुंदर असतं पण त्यात कोण कोणाकडे बघून वाजवतंय हे कळत नाही, कारण बऱ्याचदा कोणी कोणाकडे बघतच नसतं. 'मेड इन जपान'वर नंतर स्टुडिओत काही भरलेलं नाही, जे त्या रात्री वाजलं तेच. त्यामुळे पाच माणसं एकमेकांचं ऐकून जागच्या जागी काय ठरवतायत ते सरळ ऐकू येतं. 

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' हेडफोनवर लावा. पहिली काही मिनिटं साधं गाणं आहे, स्टुडिओत आहे तसंच थोडंफार. मग मधेच बँड आवाज खाली आणतो आणि रिची ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो, गायक इयन गिलन तो तसाच्या तसा गळ्यातून काढतो. परत तुकडा, जरा वाकडा, परत उत्तर. सरळ सरळ सवाल-जवाब चाललेत, आणि ब्लॅकमोर हा काही दयाळू माणूस नाही, तो मुद्दाम अशा जागा घेतो की गळ्याने कशा घ्याव्यात असा प्रश्न पडावा, गिलन पण हट्टी, तो सोडत नाही, आणि शेवटी गिलन एक किंकाळी लावतो जी संपतच नाही. तुम्हाला माहितेय की तो पोचणार आहे, तुम्ही शंभरदा ऐकलंय, तरी दरवेळी वाटतं की आज फसणार हा. हे स्टुडिओ व्हर्जनमध्ये होत नाही, कारण तिथे फसलेला टेक, म्हणजे फसलेला प्रयत्न, कधीच पुसून टाकलेला असतो. आपल्याकडे ज्यांना मैफिलींची जुनी रेकॉर्डिंगं ऐकायची सवय आहे, खोकणारा माणूस आणि मधेच सुटलेली 'वाह'सकट, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

लांबी बद्दल तुमची तक्रार मला अर्धी मान्य आहे. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे जवळपास वीस मिनिटं, म्हणजे एलपीची एक अख्खी बाजू. दोन तबकड्या, चार बाजू आणि गाणी किती, तर सात! पण ते वीस मिनिटांचं गाणं ऐकताना लक्षात येतं की गाणं म्हणून जे होतं ते पहिल्या काही मिनिटांतच संपलंय आणि नंतर जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून घालून त्याचा अक्षरशः राक्षस करतो, मग सगळं शांत होतं, मग परत चढतं. हे मला चालतं. 'द म्यूल'मधला ड्रम सोलो मात्र मी आजही पुढे ढकलतो, पेस कितीही भारी असला तरी. सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक बँडला कोणी सांगितलं होतं कोण जाणे की ड्रमरला एकटं सोडलंच पाहिजे. त्या काळात ते पाहायला मजा येत असेल, ऐकायला नाही येत.

'चाइल्ड इन टाइम' पण इथे बारा मिनिटांच्या वर आहे आणि त्यातला एक सेकंद कमी करावा असं मला वाटत नाही. त्या गाण्याच्या सुरुवातीची ऑर्गनची जी धून आहे ना, ती त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या बँडच्या एका गाण्यावरून उचललेली, आणि त्या गाण्याचं नाव आहे 'बॉम्बे कॉलिंग'. गिलनने हे नंतर उघडपणे सांगितलंय. म्हणजे मुंबईचं नाव सॅन फ्रान्सिस्कोहून लंडनमार्गे ओसाकाला, कुठलं कुठे!

अजून एक छोटी गोष्ट. एका ठिकाणी गाण्यांच्या मधे गिलन साउंडवाल्याला सांगताना ऐकू येतो की सगळ्याचा आवाज सगळ्याहून मोठा करता येईल का. अशी वाक्यं एडिट करून टाकणं फार सोपं होतं. ठेवली, बरं केलं.

पण एक सावधगिरी. कव्हरवर लाइव्ह लिहिलंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. किस बँडच्या 1975 च्या 'अलाइव्ह!'मध्ये नंतर स्टुडिओत बरीच डागडुजी झालेली आहे. थिन लिझीच्या 1978 च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वर तर वादच आहे, प्रोड्यूसर टोनी व्हिस्काँटी म्हणतो त्यातलं 75 टक्के नंतर स्टुडिओत केलं, आणि बँडवाले म्हणतात साफ खोटं, 75 टक्के लाइव्हच आहे. मला दोन्ही अल्बम आवडतात, खोटं का बोला, पण गिलन-ब्लॅकमोरच्या त्या भांडणात जो धोका जाणवतो तो तिथे जाणवत नाही, आणि मला वाटतं कान हे ओळखतो, मग तुम्हाला आधी माहिती असो वा नसो. याच्या अगदी उलट टोकाला द हू या बँडचा 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'. 14 फेब्रुवारी 1970, लीड्स युनिव्हर्सिटीच्या जेवणाच्या हॉलमध्ये, हो कँटीनच, रेकॉर्ड केलेला. कव्हर साधं खाकी, वर शिक्का मारल्यासारखं नाव, चोरून छापलेल्या बूटलेगसारखं दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं, आणि तबकडीच्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचना की खरखर ऐकू आली तर ती असू द्या, दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी हल या शहरातही शो रेकॉर्ड केला होता पण तिथे सुरुवातीच्या गाण्यांत बेसच टेपवर आला नाही, म्हणून लीड्स. आज हे असलं काही कोणी नशिबावर सोडत नाही.

यात काळाचाही भाग आहेच. तेव्हा घरी लावून बघायला व्हिडिओ नव्हता, यूट्यूब तर सोडाच, त्यामुळे बँड स्टेजवर कसा वाजवतो हे ज्याच्या गावात तो कधीच येणार नाही त्याच्यापर्यंत पोचवायला दोन तबकड्या हाच मुख्य मार्ग होता. भारतात तर कोण येणार! आले तेव्हा खूप उशिरा आले. तोच मार्टिन बर्च पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा माणूस झाला, त्यांचा 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' त्यानेच केला, आणि मेडनचा 'फ्लाइट 666' नावाचा लाइव्ह अल्बम आहे ना 2009 चा, त्यात पहिलंच गाणं 'एसेस हाय' मुंबईत रेकॉर्ड झालेलं, फेब्रुवारी 2008. त्यातली गर्दी आपली आहे. अल्बम म्हणून तो 'लाइव्ह आफ्टर डेथ'च्या जवळपासही नाही, पण ते एक गाणं मी आवाज वाढवून ऐकतो, एवढा पक्षपात चालतो.

तुम्हाला खरंच करून बघायचं असेल तर एक सांगतो. 1993 मध्ये 'लाइव्ह इन जपान' नावाचा तीन सीडींचा सेट आला, त्यात त्या तिन्ही रात्री जवळजवळ पूर्ण आहेत. तीन रात्रींची तीन 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' एकामागे एक लावा. गाणं तेच, माणसं तीच, हॉल दोन, आणि मधला तो सवाल-जवाबाचा भाग तिन्ही वेळा वेगळ्या वाटेने जातो. हे ऐकूनही कंटाळा आला तर स्टुडिओ व्हर्जन खुशाल ऐका, तेही काही वाईट नाही. आणि ड्रम सोलो आला की पुढे ढकला, कोणी काही म्हणणार नाही.